सगळ्यांना न्यायला मामा!

"आई, इथे सगळ्यांना न्यायला मामाच कसा गं येतो?"

शांघायमधल्या एका बालवाडीच्या फाटकाशी माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीनं मला हे विचारलं, तेव्हा मला आधी काही कळेचना. मग कान देऊन ऐकलं. फाटकातून पोरं पळत यायची, समोरच्या बाईच्या कमरेला मिठी मारायची आणि आनंदानं ओरडायची, "मामा! मामा!"

मुलांनो, ओळखलंत ना? चिनी भाषेत ‘मामा’ म्हणजे आई! आणि बाबांना काय म्हणतात? चक्क ‘बाबा’च! म्हणजे आमच्या घरातले बाबा चीनमध्ये गेल्यावरही बाबाच राहिले, मी मात्र एका दिवसात मामा झाले.

माझ्या मुलांचे बाबा चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांचं काम बघतात. २०१७ साली त्यांना दोन वर्षांसाठी शांघायला जायला सांगितलं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. बिनपगारी रजा घेतली आणि ऑगस्टमध्ये आम्ही चौघं निघालो. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, पोळपाट-लाटणं आणि बालभारतीची पुस्तकं. मुलगा साडेसात वर्षांचा, मुलगी साडेचार. आणि चिनी भाषा? चौघांची मिळून शून्य!

एक म्हणजे अर्धा

पहिल्याच दिवशी भाजी आणायला गेले. मंडई आपल्यासारखीच. कोथिंबीर, आलं, कारली, घोसाळी, कोहळा, कमळकाकडी, हातभर लांब चवळीच्या शेंगा. मी एक बोट दाखवून टोमॅटो मागितले. वाटलं, किलोभर मिळतील. हातात आले अर्धा किलो! मला वाटलं, बाई फसवतेय. मी भांडायच्या तयारीत. पण तिथे भाजी किलोवर नाही, ‘जिन’वर विकतात आणि एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. बिचारीनं मापात काहीच मारलं नव्हतं.

बोटांवर मोजायची त्यांची रीतही वेगळी. आपल्याला सहा दाखवायला दोन हात लागतात. त्यांचं दहापर्यंतचं सगळं एका हातात होतं. अंगठा आणि करंगळी उघडी, बाकी बोटं मिटलेली म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे आठ. तर्जनीचा आकडा केला की नऊ. मी आठच्या खुणेला दोन समजून पैसे देत होते आणि भाजीवाली पोट धरून हसत होती. माझ्या मुलानं मात्र या खुणा एका दिवसात पाठ केल्या. मग मंडईत तोच माझा मुनीम!

पाणी मागितलं की गरम पाणी. उन्हाळ्यातसुद्धा! शाळेतल्या मुलांच्या गळ्यात गरम पाण्याच्या बाटल्या. तिकडच्या आज्यांचं ठाम मत, की गार पाण्यानं पोट बिघडतं. हे ऐकून माझ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बघ, मी काय सांगत होते!"

मावशी तीच, नावही तेच

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे. त्यांचा नातू माझ्या लेकीच्याच वर्गात. आजीची आणि माझी पहिली ओळख हातवाऱ्यांनी झाली.

इंग्रजीत काका, मामा, आत्याचे यजमान सगळे ‘अंकल’. पण चिनी भाषेत आपल्यासारखं प्रत्येक नात्याला वेगळं नाव आहे. बाबांचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा, आईचा भाऊ आणखी वेगळा. बाबांची आई ‘नाईनाई’, आईची आई ‘वाईपो’. मोठ्या बहिणीला ‘जिएजिए’, धाकटीला ‘मेइमेइ’. धाकट्या भावाला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘दीदी’! माझ्या मुलाला शेजारची मोठी मुलगी "दीदी, दीदी" म्हणायला लागली तेव्हा तो रागावून घरात येऊन बसला होता.

सर्वांत गंमत वाटली ती ‘आयी’ या शब्दाची. आयी म्हणजे मावशी. पण ओळखीच्या, अनोळखी कोणत्याही बाईला मुलं आयी म्हणतात आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही आयीच. आपण नाही का, शाळेत घंटा देणाऱ्या बाईंना मावशी म्हणत?

पण एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांना सख्खी मावशी नव्हती, सख्खा मामा नव्हता, काकाही नव्हता. चीनमध्ये १९८० च्या सुमारास लोकसंख्या आवरण्यासाठी ‘एका जोडप्याला एकच मूल’ असा सरकारी नियम आला. शांघायसारख्या शहरात तो फार कडक होता. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी मिळाली. पण ज्या मुलांचे आई आणि बाबा दोघंही एकुलते एक, त्यांना मामा-मावशी कुठून असणार? शब्द आहेत, माणसं नाहीत. माझ्या लेकीनं एकदा बोटं मोजत आपले तीन मामा सांगितले, तेव्हा तळमजल्यावरच्या आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. का, ते तिला कळलं नाही. मला कळलं.

‘आई’ म्हणायला गेले, ‘घोडा’ म्हणाले

आता चिनी बोलण्याची अवघड गोष्ट. ‘मा’ हा एकच उच्चार घ्या. आवाज उंच आणि सरळ ठेवला तर आई. आवाज खालून वर नेला तर दोर वळायला वापरतात तसलं तागासारखं झाड. आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा. वरून खाली आपटला तर रागावणं! सूर चुकला की अर्थ गेला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मी हिची आई." ऐकणाऱ्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण सगळे खो खो हसले.

मुलाला तिथल्या प्राथमिक शाळेत एक इयत्ता मागे, पहिलीत घेतलं. सोमवारी झेंडावंदन, रोज मैदानावर कवायत. शिवाय एक मजेदार तास. गाण्याची पट्टी लागते आणि सगळा वर्ग डोळे मिटून भुवया, कानशिलं, नाकाचा वरचा भाग बोटांनी चोळतो. डोळ्यांची कवायत! चीनमधल्या शाळांत ती १९६३ पासून चालत आली आहे. शाळा सुटताना एकेक वर्ग रांगेनं बाहेर येतो, पुढच्या मुलाच्या हातात वर्गाची पाटी. बाहेर आजोबा लोकांची गर्दी, प्रत्येकाच्या पाठीवर नातवाचं दप्तर.

रोज शुद्धलेखन. आपल्यासारखी बाराखडी नाही. शब्दागणिक नवं चित्र. पण त्या चित्रांत गोष्टी लपलेल्या असतात. एक झाड काढलं तर ‘झाड’. दोन झाडं म्हणजे ‘राई’. तीन झाडं म्हणजे ‘अरण्य’. सूर्याशेजारी चंद्र ठेवला की ‘उजेड’. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे ‘विश्रांती’. माझा मुलगा जेवताना अशी कोडी घालायचा आणि आम्ही दोघं मोठी माणसं नापास व्हायचो.

गृहपाठाच्या वहीवर पालकांची सही लागे. मी डी.एड. झालेली बाई, आणि मुलाच्या पहिलीच्या वहीत बाईंनी काय लिहिलंय ते मला वाचता येईना! मी त्यालाच विचारायची. एकदा म्हणाला, "मी छान बोलतो असं लिहिलंय." मी कौतुकानं सही केली. नंतर तळमजल्यावरच्या आजोबांना वही दाखवली, तर ते मिश्या नसलेल्या ओठांतल्या ओठांत हसले. त्यांनी हाताच्या चोचीची उघडझाप करून दाखवली. बाईंनी लिहिलं होतं, ‘तासाला फार बोलतो’!

तो फार बोलत होता. माझी काळजी दुसरीच होती.

बोलत नाही

माझी लेक बालवाडीत एक अक्षर बोलत नव्हती.

घरी तिची टकळी बंद व्हायची नाही. पण सकाळी फाटकातल्या परिचारिकेनं हात आणि घसा तपासून आत सोडलं, की तोंडाला कुलूप. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. तिच्या लाओशी, म्हणजे बाई, फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं मला रोज तेच सांगायच्या. "जेवते. दुपारी झोपते. खेळते. बोलत नाही."

मी घरी तिच्या मागे लागले. "म्हण, नी हाव. म्हण ना!" तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मी आवाज चढवला. ती पांघरुणात जाऊन झोपली.

त्या रात्री मला एक मुलगा आठवला. खूप दिवसांनी आठवला.

२०१५ साली तो माझ्या दुसरीच्या वर्गात आला होता. आईवडील बांधकामावर कामाला. घरी तेलुगू बोलत. शेवटच्या बाकावर बसायचा, वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी प्रश्न विचारला की खाली बघायचा. दोन-चारदा मी आवाज चढवला. नोंदवहीत लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’. शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "त्याच्या डोक्यात काही शिरतच नाही." होळीच्या आधी बांधकाम संपलं आणि ते कुटुंब कुठेतरी निघून गेलं. पट कमी झाला एवढंच मला वाटलं.

आता शांघायच्या त्या बालवाडीत माझीच मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. तिच्या डोक्यात काय काय शिरतं ते मला माहीत होतं. घरी ती मला दिवसभराचं सगळं सांगायची. कोण कोणाशी भांडलं, कोणाला बाईंनी कागदाचं लाल फूल दिलं. सगळं! फक्त मराठीत. मग तो तेलुगू बोलणारा मुलगा घरी जाऊन आपल्या आईला काय सांगत असेल? माझ्याविषयी काय सांगत असेल?

झोप लागली नाही.

चमच्यांचं काम

तिच्या लाओशी माझ्याहून शहाण्या निघाल्या. त्यांनी तिला बोलायला सांगणं सोडूनच दिलं. एक काम दिलं. जेवणाआधी सगळ्यांना चमचे वाटायचे. त्याला बोलावं लागत नाही. पण चमचा मिळाला की प्रत्येक मूल म्हणायचं, "श्येश्ये." म्हणजे धन्यवाद. वर्गातली मुलं जितकी, तितक्या वेळा रोज तो शब्द तिच्या कानावर पडायचा.

मग मलाही कळलं, की नव्या भाषेत पडलेली पुष्कळ मुलं काही आठवडे, काही महिने गप्पच राहतात. ती मंद नसतात, रुसलेली नसतात. ती ऐकत असतात. रुजत घातलेलं बी वरून दिसत नाही, म्हणून काय रोज उकरून बघायचं?

तळमजल्यावरच्या आजींनीही मला एक गोष्ट दाखवली. त्या नातवाशी बोलत ती भाषा शाळेतल्या भाषेसारखी मुळीच नव्हती. ती शांघायची बोली. शाळेत प्रमाणभाषा, तिला ‘फूथोंगह्वा’ म्हणतात. दोन्ही एकमेकींपासून इतक्या दूर, की बाहेरगावच्या माणसाला आजींचं बोलणं समजत नसे. म्हणजे त्या पोरालाही शाळेत पाऊल टाकलं की भाषा बदलावी लागे!

पुढे जून २०१८ मध्ये तर शांघायमध्ये एका शब्दावरून केवढा गहजब झाला. दुसरीच्या पुस्तकातल्या एका धड्यात ‘वाईपो’ हा शब्द बदलून ‘लाओलाओ’ केला होता. दोन्हींचा अर्थ आईची आई. पण लाओलाओ हा उत्तरेकडचा शब्द. शांघायचे लोक चिडले. आमची आजी वाईपोच, म्हणाले! शेवटी शिक्षण खात्यानं पुन्हा वाईपो छापायला सांगितलं. एवढ्या मोठ्या देशात एका आजीसाठी माणसं भांडली, हे मला फार आवडलं.

चंद्र एकच

४ ऑक्टोबर २०१७ ला तिकडे शरदाच्या पौर्णिमेचा सण होता. त्यांच्या आठव्या महिन्याची पंधरावी तिथी. घरातली सगळी माणसं एकत्र जेवतात, चंद्र बघतात आणि साच्यातून काढलेली गोल मिठाई खातात. त्यातल्या एका प्रकारात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण असतं. आणि आपली कोजागिरी? ती दुसऱ्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला! चिनी पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना असतो, पण तो नेहमी आपल्याच वर्षी येत नाही. म्हणून हे दोन सण कधी एकाच पौर्णिमेला, तर कधी महिन्याच्या अंतरानं येतात.

आजींनी मिठाई आणून दिली. दुसऱ्या रात्री मी सज्जात दूध आटवून चौघांसह त्यांनाही दिलं. आजोबा दूध पीत एकदम म्हणाले, "इंदू! ख दीह्वा!" इंदू म्हणजे भारत हे कळलं, पण पुढचं कळेना. त्यांनी कानाला दोन बोटं लावून छातीवर हात ठेवला. डॉक्टर! मग उजेड पडला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस!

मुलांनो, कोटणीस सोलापूरचे. जन्म १९१०. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा, १९३८ मध्ये, भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. तिथे जखमी सैनिकांवर त्यांनी अहोरात्र उपचार केले. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच त्यांचं निधन झालं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ‘ख दीह्वा’ हे त्यांचं चिनी नाव. त्यांनी चिनी नर्स क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनह्वा. ‘इन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. आणि मला त्या रात्री महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की ते चिनी शिकले आणि तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना चिनी भाषेतून शिकवू लागले. सोलापूरचा तो तरुणही कधीतरी पहिल्या दिवशी गप्पच बसला असेल ना?

"था खू ल!"

डिसेंबर उजाडला. शांघायची थंडी ओली असते, हाडांत शिरते. एका दुपारी लाओशी फाटकापर्यंत धावत आल्या. फोन न काढताच हातवारे करून सांगू लागल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

झालं होतं असं. अंगणात खेळताना तळमजल्यावरच्या आजींचा नातू घसरून पडला. गुडघा फुटला. कोणाचं लक्ष नव्हतं. माझी लेक धावत लाओशींकडे गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "लाओशी! था खू ल!"

बाई, तो रडतोय!

तिचं चिनीतलं पहिलं वाक्य. सूर अगदी बरोबर. ते स्वतःसाठी नव्हतं, दुसऱ्यासाठी होतं. त्यानंतर ती थांबलीच नाही. २०१९ च्या जुलैत आम्ही परत निघालो तेव्हा ती आजींशी शांघायच्या बोलीत भांडत होती आणि मी अजून घोड्यात आणि आईत अडकले होते!

परत आल्यावर

२०२२ च्या दिवाळीनंतर गावाबाहेर वीटभट्टी लागली आणि माझ्या वर्गात एक मुलगी आली. घरी कन्नड बोलणारी. शेवटच्या बाकावर बसली, खाली बघत. या वेळी मी प्रश्न विचारला नाही. तिच्या आईकडून दोन शब्द शिकून घेतले. पाण्याला ‘नीरु’, आजीला ‘अज्जी’. वर्गातली मुलं म्हणाली, "बाई, अज्जी म्हणजे आपली आजीच की!" मुलीनं मान वर केली.

मग तिला काम दिलं. रोज सगळ्यांना वह्या वाटायच्या. आणि वर्गाला सांगितलं, वही मिळाली की तिला ‘थँक यू’ म्हणायचं नाही, तिचं नाव घेऊन ‘आभारी आहे’ म्हणायचं. वेळ लागला. संक्रांतीला तिळगूळ देताना ती आपणहून म्हणाली, "गोड बोला." पुढचं-मागचं काही नाही, तेवढंच. मला पुष्कळ झालं.

तो तेलुगू बोलणारा मुलगा आता मोठा झाला असेल. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. नोंदवहीतलं ‘प्रतिसाद नाही’ मला आता पुसता येत नाही. म्हणून हे लिहिलं. मुलांनो, तुमच्या वर्गात असं कोणी गप्प बसलेलं असेल, तर उद्या त्याच्या शेजारी जाऊन बसा. बोलायला लावू नका. डबा उघडा, एक घास द्या. आणि पालकहो, तुमचंच मूल असं गप्प झालं असेल, तर धीर धरा. मी धरला नव्हता, म्हणून सांगते.

आमच्या घरी आता चिनी फारसं उरलेलं नाही. पण लेकीला माझी थट्टा करायची असली, की ती स्वयंपाकघराच्या दारातून सूर लावून हाक मारते, "मामा!" आणि दिवाळीला माझा भाऊ आलेला असला, तर तो बाहेरच्या खोलीतून ओ देतो, "काय गं?"

करून पाहा

१. एका हातावर दहापर्यंत : एक ते पाच नेहमीसारखे. सहा : अंगठा आणि करंगळी उघडी. सात : अंगठा आणि पुढची दोन बोटं चिमटीसारखी जुळवा. आठ : अंगठा आणि तर्जनी उघडी. नऊ : तर्जनीचा आकडा. दहा : मूठ. आता मित्राला न बोलता बेरजा घाला!

२. ‘हो’चे चार सूर : "हो." "हो?" "होऽऽ!" "हो!" आपल्याकडे सूर बदलला की मनातला भाव बदलतो. चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो. घरी सगळ्यांना म्हणायला लावा आणि कोणता ‘हो’ कशासाठी, ते ओळखा.

३. वर्गातल्या भाषा : तुमच्या वर्गात घरी कोण कोण कोणती भाषा बोलतं? ‘पाणी’ आणि ‘आजी’ हे दोन शब्द प्रत्येक भाषेत विचारून फळ्यावर लिहा. किती आजी जमल्या, ते मोजा.